डॅनव्हर्सची भुतं आणि डॅनव्हर्सची धूळ

आपल्याकडे कोणी जरा तऱ्हेवाईक वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा बघा’ असं हसत म्हणायची पद्धत आहे. ठाण्याची आणि येरवड्याची मनोरुग्णालयं आजही चालू आहेत, त्यामुळे तिथली माणसं निदान माणसं म्हणून तरी डोळ्यांसमोर असतात. रुग्णालय बंद पडलं की मात्र लोक तिथे भुतं शोधू लागतात. बॉस्टनच्या उत्तरेला डॅनव्हर्सच्या टेकडीवर असंच झालं, आणि त्यावर ब्रॅड अँडरसन या दिग्दर्शकाने २००१ साली ‘सेशन नाइन’ हा चित्रपट काढला. भयपटांच्या वाटेला मी सहसा जात नाही. हा मात्र दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा अर्धा आवडला.

आधी जागेविषयी थोडं. डॅनव्हर्स स्टेट हॉस्पिटल १८७८ साली सुरू झालं. मधोमध उंच इमारत आणि दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखे मागे मागे सरकत गेलेले वॉर्ड, अशी त्याची रचना होती. ही कल्पना डॉ. थॉमस कर्कब्राइड यांची. प्रत्येक खोलीत ऊन आणि वारा आला तर रोग्याचं मन शांत होईल, असं ते मानत. हेतू किती भला! पण सुमारे पाचशे माणसांसाठी बांधलेल्या त्या वास्तूत १९३० च्या दशकाच्या अखेरीस दोन हजारांहून अधिक माणसं कोंबली गेली. १९९२ साली रुग्णालयाला कुलूप लागलं. त्यात टेकडीचं नाव हॅथॉर्न हिल, आणि सेलमच्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांतला एक न्यायाधीशही हॅथॉर्नच. मग दंतकथांना काय तोटा? रात्री बॅटऱ्या घेऊन आत घुसणाऱ्या पोरांची आणि त्यांना पकडणाऱ्या पोलिसांची तिथे वर्षानुवर्षं लपाछपी चालली.

चित्रपटातले पाच जण अशा हौशी पोरांपैकी नाहीत. ते अ‍ॅस्बेस्टॉस काढणारे कामगार आहेत, आणि माझ्या मते चित्रपटाची सगळी ताकद या एका निवडीत आहे. त्यांचा मालक गॉर्डन (पीटर मलन) याला धंदा टिकवायचा आहे आणि घरी तान्हं मूल आहे. कित्येक आठवड्यांचं काम तो एका आठवड्यात करून देतो म्हणतो आणि कंत्राट मिळवतो. आपल्यापैकी ज्यांनी कंपनीत ‘डेडलाइन’ नावाचं दैवत पुजलं आहे, त्यांना त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो कुठल्याही भुताने येणार नाही. चित्रण खऱ्या डॅनव्हर्समध्येच झालं आहे. सोललेला रंग, उखडलेली फरशी, खिडकीतून येणारं दुपारचं भगभगीत ऊन. अंधाराऐवजी उजेडात भीती दाखवायला हिंमत लागते, आणि ती अँडरसनपाशी आहे.

या पडक्या इमारतींचा खरा धोका मुळात दिसतच नाही. वाफेच्या नळांभोवती उष्णता धरून ठेवायला अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप असतो. तो वाळून भुगा झाला की त्याचे तंतू हवेत तरंगतात. त्यांना वास नसतो, त्यांनी लगेच खोकलाही येत नाही. छातीत गेले की वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग उभा राहतो. म्हणून हे काम करताना आधी प्लॅस्टिकने खोली बंद करतात, माल ओला करतात, हवा गाळून बाहेर सोडतात आणि अंघोळ केल्याशिवाय माणसाला घरी पाठवत नाहीत. यातली कुठलीही पायरी घाईत उरकता येत नाही. याशिवाय जुन्या रंगातलं शिसं, कबुतरांची विष्ठा आणि वरून धड पण खालून कुजलेली लाकडी जमीन असतेच. आणि हे इथलंच आहे असं समजू नका. गावाकडच्या घरावरचे ते ‘सिमेंटचे पत्रे’ आठवा. त्यांतही हेच तंतू असतात, आणि फुटका पत्रा हातोडीने तोडणाऱ्या गड्याच्या तोंडावर फार तर रुमाल असतो.

इथपर्यंत मी दिग्दर्शकाच्या बाजूने आहे. भांडण पुढे सुरू होतं. माइक नावाच्या कामगाराला मेरी हॉब्ज या जुन्या रुग्णाच्या मुलाखतींच्या टेप सापडतात. तिच्यात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदतात आणि त्यांतलं एक खुनशी आहे. हळूहळू चित्रपट सुचवू लागतो की तेच दुष्टपण इमारतीत दबा धरून बसलं होतं आणि आता गॉर्डनला धरतं आहे. म्हणजे कर्ज, घाई, जागरण, घरातला ताण ही इतक्या कष्टाने उभी केलेली कारणं बाजूला, आणि ठपका एका रुग्णबाईवर! दोन्ही अर्थ मोकळे ठेवले आहेत, असं दिग्दर्शकाचे चाहते म्हणतील. मला ती पळवाट वाटते. डॅनव्हर्सच्या दफनभूमीत रुग्णांच्या थडग्यांवर नुसते आकडे होते. त्या आकड्यांमागची नावं शोधून काढण्यासाठी पूर्वी तिथे राहिलेल्या रुग्णांनाच पुढे यावं लागलं. जगाने ज्यांचं नावसुद्धा पुसलं, त्यांना पडद्यावर पुन्हा पिशाच करायचं, हा न्याय नव्हे.

गॉर्डनकडे मात्र आपण नीट पाहावं. मलन मूळचा स्कॉटिश, आणि त्याच्या बोलण्यात तो हेल राहिला आहे. त्यामुळे गॉर्डन बाहेरून येऊन जम बसवू पाहणारा, आपल्यासारखाच वाटतो. तो थकला आहे, झोपलेला नाही, आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो आहे. त्याचं काहीतरी बिनसलंय हे मित्राच्या लक्षात येतं, पण त्याला पहिली काळजी कामाची. ‘तुला काय होतंय?’ असं स्वस्थ बसून कोणीच विचारत नाही. आपल्या गणपतीच्या जेवणावळीत ग्रीन कार्ड, मुलांची कॉलेजं, घराचे हप्ते यांवर तासन्‌तास बोलणं होतं. रात्री झोप लागत नाही, गोळ्या चालू आहेत, हे कोण सांगतं? सांगितलंच तर ‘लोक काय म्हणतील’ आहेच. ही भीती आपण सामानाबरोबर घेऊन आलो, आणि मुलंही ती न शिकवता शिकतात.

२००६-०७ मध्ये त्या इमारतीचा बहुतेक भाग पाडला गेला. मधल्या भागाचा दर्शनी भाग ठेवून तिथे अपार्टमेंट्स झाली. तिथे स्वयंपाक होतो, मुलं शाळेला जातात, आणि त्यात मला काहीच अशुभ वाटत नाही.

चित्रपट जरूर पाहा, लहान मुलं झोपल्यावर. टेपमधल्या आवाजाकडे जरा कमी लक्ष द्या आणि गॉर्डनच्या चेहऱ्याकडे जास्त. संपल्यावर, बरेच दिवसांत ज्याचा आवाज ऐकला नाही अशा एखाद्या मित्राला फोन करा आणि त्याने ‘ठीक आहे’ म्हटल्यावर लगेच ठेवू नका.