पडद्यावर देवी येते, अंगात येत नाही

मराठी मालिकांनी गेल्या काही वर्षांत देवीला फार राबवले आहे. नायिका संकटात सापडते, हात जोडते, वारा सुटतो, देवळातल्या घंटा आपोआप वाजतात. मूर्तीच्या डोळ्यांतून प्रकाशाचा झोत निघतो आणि दुष्ट शक्ती भिंतीवर जाऊन आदळते. दुसऱ्या दिवशी तीच शक्ती त्याच दिवाणखान्यात पुन्हा कारस्थान रचत असते. पाथर्डीत राहून हे बघवत नाही. देवीला बोलावणे ही केवढी मोठी कला आहे, हे या मुलखात अजून कानांनी ऐकता येते.

या तालुक्यात मोहट्याची देवी आहे. ती माहूरच्या रेणुकेचेच रूप, अशी इथली श्रद्धा. गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वर आहे, मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि डोंगर ओलांडून बीड जिल्ह्यात उतरले की सावरगावला मच्छिंद्रनाथ. शाबरी विद्येची, म्हणजे लोकांच्या बोलीत रचलेल्या मंत्रांची सगळी कथा याच मातीत फिरते. मालू नरहरीने शके 1741, म्हणजे 1819 मध्ये पुरा केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ आजही इथे घरोघरी पारायणाला बसतो. त्यातला मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या अंबेपुढे अनुष्ठान करतो, तेव्हा कुठे ती त्याला वाट दाखवते. पुढे एकेका दैवताला प्रसन्न करून घेत त्याला विद्या मिळवावी लागते. फुकट काही मिळत नाही.

हे फुकट न मिळणेच मालिकांतून हरवले आहे.

‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ ही झी मराठीवरची मालिका 2022 ते 2024 अशी दोन वर्षांहून अधिक चालली. भविष्य दिसणारी नेत्रा, तिच्या पाठीशी त्रिनयना देवी आणि समोर विरोचक. ऐश्वर्या नारकर यांनी रूपालीच्या भूमिकेत जीव ओतला, हे मान्यच करायला हवे. पण त्रिनयना ही कुठल्याच गावची देवी नाही. तिला यात्रा नाही, पुजारी नाही, मानकरी नाहीत, तिच्या नावाने कुणी परडी भरत नाही. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून अशी निनावी देवी घडवली जात असेल, तर ती अडचण मला कळते. मात्र गाव नसलेली देवी कथेच्या सोयीने काहीही देऊ शकते आणि काहीही देऊ शकणाऱ्या देवीची भीती वाटत नाही, भक्तीही वाटत नाही.

सोनी मराठीवरच्या ‘गाथा नवनाथांची’ (2021) या मालिकेकडून इथल्या माणसांच्या अपेक्षा साहजिकच जास्त होत्या. कथा आमचीच होती. नाथांचा प्रवास सरळपणे सांगण्याची निष्ठा तिच्यात होती, पण चमत्काराची घडी आली की तीही चकाकत्या गोळ्यांवर आणि मंद गतीच्या दृश्यांवर विसंबली. शाबरी मंत्राची ताकद त्याच्या बोलण्याच्या ढंगात असते. तो विनवणी कमी करतो, गुरूची आण घालून दैवतालाच हुकूम सोडतो. भक्ताने देवाला दरडावण्याचा हा धीटपणा पडद्यावर पुरेसा उतरला नाही.

उलट ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये आली तेव्हा तिने प्रेक्षकाला धरून ठेवले. आकेरीचा वाडा, मालवणी हेल, भाऊबंदकी आणि गावाच्या रूढी यांतूनच तिची भीती उगवली होती. सिंधुदुर्गातून तिला विरोधही झाला. विरोध होण्याइतके ते गाव ओळखीचे होते, हीच मला त्या मालिकेची सगळ्यात मोठी कमाई वाटते. ‘जय मल्हार’नेही खंडोबा आणि बाणाईच्या कथेला जेजुरीचा भंडारा लावला, म्हणून ती घराघरांत पोचली.

बाहेरच्या जगात वेगळे काय आहे? ‘चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना’ (2018 ते 2020) या अमेरिकी मालिकेत चेटकिणींचा समुदाय सैतानाची गुलामी झुगारतो आणि हेकाटी या प्राचीन ग्रीक देवीला हाक मारतो. कुमारी, माता आणि वृद्धा अशी तिची तीन रूपे तिथे दाखवली आहेत. ही वाटणी अलीकडची. जुन्या शिल्पांत पाठीला पाठ लावलेल्या तीन सारख्याच स्त्रिया दिसतात. ते काही असो, त्या आवाहनाने कथेतली सत्ता बदलते. कोणापुढे वाकायचे, हे बायका स्वतः ठरवतात. याच हेकाटीसाठी ग्रीक लोक अवसेच्या रात्री तीन वाटा मिळतात तिथे जेवण ठेवत. आमच्याकडे अवसेला तिकटीवर उतारा ठेवतात. दही-भात, लिंबू, गुलाल, हळद-कुंकू आणि ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही. एवढे जवळचे साहित्य हाताशी असताना आपले लेखक मात्र संगणकावर धूर काढत बसतात.

खरे आवाहन ऐकायचे असेल तर गोंधळाला बसावे. पाटावर धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, वर ज्वारीच्या ताटांचे किंवा उसाचे मखर उभे राहते आणि दिवटी पेटते. मग संबळ. कमरेला बांधलेली दोन वाद्यांची जोडी, हातातली एक काठी टोकाला वाकडी. गोंधळी एकेका ठाण्याचे नाव घेऊन देवीला बोलावतो, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, मग आपल्या भागातली. प्रत्येक नावाबरोबर ठेका थोडा चढतो. ती आली असे कुणी सांगत नाही. समोर बसलेली एखादी म्हातारी घुमायला लागते आणि मांडवाचा सूरच पालटतो. परभणीच्या राजारामबापू कदमांनी ही कला मोठ्या मंचावर नेली, तेव्हा त्यांनाही झगमगाटाची गरज पडली नाही.

अंधश्रद्धेचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येणार नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मोहट्याच्या मंदिरात सोन्याची यंत्रे पुरल्याचे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि 2021 मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. श्रद्धा, सोने, मंत्र आणि कायदा एकाच गाभाऱ्यात समोरासमोर येतात, यापेक्षा जबर नाट्य कोणते? त्याला मालिकावाले हात लावत नाहीत. सुरुवातीला अंधश्रद्धेचे समर्थन नसल्याची पाटी दाखवायची आणि पुढे बाहुल्या, टाचण्या, लिंबू-मिरच्यांवर भाग काढायचे, हा प्रामाणिकपणा नव्हे. अंगात येणाऱ्या बाईचे मन, घरात तिला तोवर न मिळालेला आवाज, हे दाखवले तर श्रद्धेचाही मान राहील आणि चिकित्साही होईल.

वाहिन्यांकडे माझे मागणे साधे आहे. देवीची मालिका लिहिण्याआधी लेखकांना होळी ते गुढीपाडव्याच्या यात्रेत मढीला आणि नवरात्रात मोहट्याला पाठवा. गोंधळी, आराधी, पोतराज यांना सजावटीपुरते उभे करू नका. त्यांना लेखकांच्या टेबलाशी बसवा, श्रेयनामावलीत त्यांचे नाव घाला आणि त्यांचे मानधन वेळेवर द्या.