सुट्टीतली मासेमोजणी आणि आपला प्रबंध

सागरी जीवशास्त्रात पीएचडी करायचा विचार असेल, तर 'रीफ'चा डेटा कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था पॉल ह्यूमन आणि नेड डिलोच यांनी १९९० मध्ये अमेरिकेत स्थापन केली. १९९३ पासून हौशी डायव्हर तिच्यासाठी मासे मोजतायत. काही जण त्यासाठी पैसे भरून खास सहलींनाही जातात.

पद्धत सोपी आहे. पाण्यात हवं तिथे फिरायचं, खात्रीने ओळखलेली प्रत्येक जात पाटीवर लिहायची आणि तिच्यापुढे संख्येचा गट टाकायचा: एक, २ ते १०, ११ ते १००, किंवा १०० हून जास्त.

हौशी लोकांचं काम म्हणून हे उडवून लावू नका. २०१० मध्ये क्रिस्टीन वॉर्ड-पेज आणि सहकाऱ्यांनी याच डेटावरून दाखवलं की कॅरिबियन परिसरात, नर्स शार्क सोडले तर, दाट मानवी वस्तीजवळच्या प्रवाळखडकांवर शार्क जवळपास दिसतच नाहीत. एवढ्या प्रदेशात पगारी माणसं पाठवायची तर कुठली ग्रँट पुरली असती? शिवाय शार्क ओळखायला सोपा, आणि प्रश्न 'दिसतो की नाही' एवढाच. प्रश्न डेटाला पेलणारा होता.

आता दुसरा प्रश्न घ्या: 'दहा वर्षांत मासे कमी झाले का?' इथे सांभाळा. एका जागी ९० मासे होते, आता १५ आहेत. दोन्ही वेळा गट तोच, ११ ते १००. शेकडो डाइव्हची सरासरी काढली की ही घट थोडीफार पकडता येते. मोजक्या डाइव्हमध्ये ती गायब होते. वॉर्ड-पेज यांनीच त्याच वर्षी आणखी एक अडचण मांडली: डायव्हर मोजत असताना वेगाने पोहणारे मासे नव्याने समोर येत राहतात, म्हणून ते मोजणीत प्रत्यक्षापेक्षा जास्त भरतात.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. सहलीची जागा शास्त्रज्ञ ठरवत नाही, बोटवाला ठरवतो. आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं तर बोट मासे असतील तिथेच जाणार. एखादा खडक ओसाड झाला की बोट पुढच्या खडकावर. म्हणजे जिथे मासे संपले तिथली नोंदही थांबते, आणि तुमच्या आलेखात उरतात फक्त बऱ्या जागा. आलेख सपाट दिसतो. कोणीतरी तो दाखवून म्हणतं, 'बघा, सगळं ठीक आहे, मासेमारीवर बंधन कशाला?' चूक फक्त प्रबंधात राहत नाही.

म्हणून डेटा हातात आला की आधी मासे मोजू नका, डाइव्ह मोजा. कुठल्या जागी कुठल्या वर्षी किती झाल्या, याचा तक्ता करा. सगळ्या वर्षांत नोंद असलेल्या जागा वेगळ्या काढा, मधेच थांबलेल्या वेगळ्या. थांबलेल्या जागांच्या शेवटच्या नोंदी आधीपासूनच घसरत होत्या का, ते बघा. सर्व्हे करणाऱ्याचा अनुभवाचा दर्जाही नोंदलेला असतो. फक्त अनुभवी डायव्हरच्या नोंदी घेऊन निष्कर्ष टिकतो का, तेही तपासा. हे सगळं करून उत्तर बदललं नाही, तर बिनधास्त लिहा.

मालवणात असं काही सुरू करावं, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ येणारे बहुतेक पर्यटक पहिल्यांदाच पाण्याखाली जातात, तेही गाईडच्या हाताला धरून. त्यांच्याकडून मोजणी होणार नाही. पण तो गाईड हंगामभर त्याच पाण्यात उतरतो, आणि माशांची मालवणी नावं त्याला पाठ असतात. पाटी द्यायची तर त्याच्या हातात द्या, योग्य मोबदला देऊन. आणि मासे नसलेल्या दोन-तीन जागाही त्याच्या यादीत ठेवा, दर महिन्याला जायच्या.