विषाचा माग आणि संदर्भांची गणती

माझ्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा आजवर किती जणांनी संदर्भ दिला, ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्याच काळात लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम मात्र लोक कित्येक वर्षे वापरत होते, आणि त्याचा उल्लेख कुणी कुठेच केला नाही! म्हणूनच स्वीडनचे ए. डब्ल्यू. जोन्स यांचा २००३ सालचा ‘फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’मधला लेख मला घरचाच वाटला. न्यायवैद्यक आणि विषशास्त्राच्या नियतकालिकांचे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नेमके काय सांगतात, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला आहे.

हिशेब सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेल्या संदर्भांना त्या लेखांच्या संख्येने भागायचे. पण विषशास्त्राचे घड्याळ दोन वर्षांचे नाही. बेल्जियमच्या स्टास यांनी १८५० मध्ये मृतदेहातून निकोटीन वेगळे काढले. ब्राउनश्वाइगच्या ओटो यांनी ती रीत सुधारली. ‘स्टास-ओटो’ पद्धत आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही पिढ्यान्‌पिढ्या चालली. मूळ निबंधाचा संदर्भ मात्र कोण देतो?

आमच्या जर्मनीतलेच दुसरे उदाहरण होम्बुर्गचे. तिथल्या माउरर, फ्लेगर आणि वेबर यांनी औषधे, विषे आणि त्यांच्या चयापचयातून बनणारी द्रव्ये यांच्या वस्तुमान-वर्णपटांचा मोठा संग्रह केला. अनोळखी नमुना आला की प्रयोगशाळेतला संगणक त्याचा वर्णपट असल्या संग्रहाशी ताडून पाहतो. निघालेला अहवाल कोर्टात जातो, नियतकालिकात नव्हे. संगणकवाल्याच्या भाषेत सांगायचे तर वाचन होते, नोंद होत नाही.

वडीलधाऱ्या वाचकांना पुण्याचे लागू प्रकरण आठवत असेल. १९५६ च्या नोव्हेंबरात लक्ष्मीबाई कर्वे मुंबईच्या रुग्णालयात वारल्या. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावर डॉ. अनंत लागू दोषी ठरले आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी कायम केली. विषप्रयोगाच्या खटल्यांत वकील तो निकाल पुढेही दाखवत राहिले. ती गणती विज्ञानाच्या कुठल्याही सूचीत नाही.

‘सापडले नाही’ म्हणजे ‘नव्हते’ का? याचे उत्तर पद्धत किती सूक्ष्म मात्रा पकडते यावर ठरते. ती मर्यादा चिकाटीने तपासणारे निबंध नीरस असतात, त्यांना संदर्भ थोडे मिळतात. नेमणुका आकड्यांवर होऊ लागल्या तर हे काम कोणता तरुण अंगावर घेईल?

आकडे फेकूनच द्या, हेही मला पटत नाही. हे क्षेत्र लहान, परीक्षक एकमेकांच्या ओळखीचे. बाहेरची मोजपट्टी हवीच. डी.एफ.जी.ने २०१० पासून अनुदानाच्या अर्जांत मोजकेच निबंध दाखवायची अट घातली, ती मला अधिक शहाणपणाची वाटते. निदान ते पाच-सात निबंध कुणीतरी उघडून वाचील.