रासायनिक पद्धतीने निक्षेपित अतिसंवाहक पातळ थरांतील पृष्ठदोष : एक चिकित्सा

प्रस्तावना :
१९८६ साली बेडनॉर्झ व म्युलर यांनी ताम्र-ऑक्साइडातील उच्चतापी अतिसंवाहकता शोधली. १९८७ मध्ये यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड सुमारे ९२ केल्विनला अतिसंवाहक होते, हे सिद्ध झाले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळत असल्याने हे क्षेत्र सामान्य प्रयोगशाळांनाही खुले झाले. महाराष्ट्रात शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर येथे प्रा. एस. एच. पवार व सहकाऱ्यांनी विद्युतनिक्षेपणाने असे थर तयार केले. महागड्या निर्वात यंत्रणेवाचून हे साधते, हे या मार्गाचे मोल निर्विवाद आहे. मात्र अशा थरांची कसोटी कोणती, हा प्रश्न उरतो.

दोषांचे उगम :
जलीय द्रावणात यिट्रियम व बेरियम निक्षेपित होण्याऐवजी हायड्रोजन मुक्त होतो. म्हणून नायट्रेट क्षार डायमिथिल सल्फॉक्साइडसारख्या द्रावकात घेतात. धातूंचा थर बसवून तो पुढे ऑक्सिजनयुक्त वातावरणात तापवला जातो. या टप्प्यावर आकारमान बदलते, थर व आधारपट्टी यांचे औष्णिक प्रसरण भिन्न असते, तसेच थंड होताना स्फटिकरचनाही बदलते. परिणामी भेगा व छिद्रे निर्माण होतात. घटकांचे प्रमाण ढळल्यास ताम्र-ऑक्साइडाचे कण उरतात, तर बेरियम कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट बनवते.

चिकित्सा :
शून्य रोधाचे तापमान हा यशाचा पुरावा मानणे अपुरे आहे. थरभर भेगा असल्या तरी एक सलग वाट शिल्लक असली की मोजलेला रोध शून्य होतो. अर्थात हे मापन दोष झाकते. दोष उघड करते ती क्रांतिक विद्युतधारा घनता. एकस्फटिकी आधारावर सुबद्ध वाढलेल्या थरांत ती ७७ केल्विनला प्रति चौ. सेंमी १० लाख अँपिअरहून अधिक असते. मोठ्या कोनाच्या कणसीमा तिला झपाट्याने घटवतात, हे १९८८ मध्ये डिमॉस, चौधरी व मॅनहार्ट यांनी दाखवले. उलट काही नॅनोमीटर आकाराचे दोष चुंबकीय भोवऱ्यांना जखडून ही घनता वाढवतात. त्यामुळे दोष आहेत की नाहीत, यापेक्षा ते कोणत्या आकाराचे व कोठे आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. निवडक जागेचे एकच सूक्ष्मदर्शक छायाचित्र त्याचे उत्तर देत नाही.

निष्कर्ष :
किन्हवलीसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना अल्पखर्ची पद्धतच परवडणारी आहे. म्हणूनच तिचे मूल्यमापन काटेकोर हवे. थराच्या अनेक जागी भेगा व छिद्रांची मोजणी साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकानेही करता येते. ही मोजणी, थराची जाडी आणि क्रांतिक धारा घनता यांची एकत्र नोंद झाल्यासच रासायनिक पद्धतीच्या स्वस्ततेचा दावा शास्त्रीय पायावर उभा राहील.