उघडं पडण्याची तालीम

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या आसपासच्या गावांत पुरुषानं चारचौघांत रडलेलं दोनच ठिकाणी चालतं: मयतीत आणि सप्ताहात. एरवी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल अंगावर असो की कापूस हातचा गेलेला असो, पारावर बसलेला माणूस ‘बरंय’ एवढंच म्हणतो. सिंदफणेकाठच्या या कोरडवाहू पट्ट्यात आब ही माणसाची शेवटची मिळकत असते आणि ती तो सहजी सोडत नाही. मात्र रात्री भारूड रंगतं तेव्हा लुगडं नेसलेला, डोक्यावर पदर घेतलेला एखादा गडी संसाराची, भुकेची, मनातल्या विकारांची गाऱ्हाणी भर मांडवात मांडतो. लोक आधी हसतात. मग हसणं विरत जातं आणि बाप्ये माणसं उपरण्यानं डोळे पुसतात. मराठवाड्यातल्या अभिनयाच्या आजच्या स्थितीबद्दल बोलायचं तर सुरुवात या मांडवापासून करावी लागते. नटाला लागणारं सगळ्यांत अवघड धैर्य इथं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, आणि आपल्या हौशी रंगभूमीनं ते जवळजवळ सोडून दिलं.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांसाठी निवडलेली पात्रं पाहा. विंचू चावून तळमळणारा, जोगवा मागणारी, मुरळी, भूत्या, आंधळा, बहिरा, पांगळा. यांत वीरपुरुष शोधून सापडत नाही. सगळे कुठं ना कुठं दुखावलेले, कुणाच्या तरी दारात उभे असलेले. करणारा नट आधी त्यांची नक्कल करतो आणि लोकांना हसवतो. मग पुढच्या टप्प्यात उलगडतं की विंचू म्हणजे काम-क्रोध आणि दंश झालाय तो खुद्द सांगणाऱ्याला. इथं नटाला पात्रामागं लपता येत नाही. चांगला भारूडकरी या वळणावर आवाज चढवत नाही, उलट खाली आणतो. ज्याला हे साधत नाही त्याचं भारूड हसवून संपतं.

या मातीतला सगळ्यांत मोठा दिग्दर्शक याच परंपरेतून आला. वामन केंद्रे केज तालुक्यातल्या दरडवाडीचे, भारूड करणाऱ्या बापाचे चिरंजीव. पुढं 2013 ते 2018 या काळात ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते, पण त्यांचं नाव झालं ते 1987च्या ‘झुलवा’नं. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरचं, जोगतिणींच्या जगातलं हे नाटक. त्यात जोगत्याच्या भूमिकेत सयाजी शिंदे यांनी आपलं पुरुषपण बाजूला ठेवून जे केलं, त्यानं पुढच्या अनेक नटांना वाट दाखवली. ‘जोगवा’ या 2009च्या चित्रपटात उपेंद्र लिमये यांचा तायप्पा त्याच वाटेवरचा. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, कारण साडी नेसावी लागल्याची लाज त्यांच्या सगळ्या देहात दिसते, संवादाची वाट पाहत नाही. 2010च्या ‘नटरंग’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अतुल कुलकर्णी यांनी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी उतरवलं, याचंच कौतुक जास्त झालं. त्या भूमिकेतला खरा अभिनय दुसरीकडं आहे: त्यांचा गुणा पहिल्यांदा लोकांच्या हसण्याच्या हवाली होतो, तिथं.

तालुका-जिल्ह्याच्या एकांकिका स्पर्धांत, कॉलेजांच्या युवक महोत्सवांत मात्र वेगळंच चित्र दिसतं. मुलं तयारीची आहेत, पाठांतर चोख, आवाज दणदणीत. पण पहिल्या वाक्यापासून गळ्याच्या शिरा फुगलेल्या असतात आणि शेवटच्या वाक्यापर्यंत त्या उतरत नाहीत. दुःखाचा प्रसंग आला की ओरडायचं, गुडघ्यावर पडायचं, प्रकाश लाल करायचा. ‘नटसम्राट’मधली स्वगतं तर किती पिढ्यांनी स्पर्धेत म्हटली असतील! आधी ती डॉ. श्रीराम लागूंच्या घोगऱ्या, थांबत येणाऱ्या आवाजात म्हटली जायची. 2016च्या चित्रपटानंतर नाना पाटेकरांच्या तडाख्यात म्हटली जातात. घर दिलेला, मुलांच्या दारात नकोसा झालेला म्हातारा त्यात क्वचितच भेटतो. लागूंनी 1970मध्ये ही भूमिका केली त्याच्या आदल्याच वर्षी कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले होते. हातातली सुरक्षितता सोडलेल्या माणसानं सगळं गमावलेल्या म्हाताऱ्याला आवाज दिला. आम्ही त्यातला आवाज तेवढा उचलला.

याला परीक्षक जबाबदार आहेत, वेळेचं बंधन आणि वाईट ध्वनिव्यवस्थाही आहे. मुळाशी आणखी एक गोष्ट आहे: आम्ही नटांच्या कोणत्या कथा मुलांना सांगतो ती. 1911मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात, फडावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला निघाल्या. या कथा ऐकताना आमचे डोळे भरतात, आणि भरावेतच. पण त्यातून मुलं धडा घेतात तो दुःख गिळण्याचा. विठाबाईंच्या कथेत मला नेहमी दुसराच प्रश्न दिसतो. त्या बाईला त्या रात्री थांबता येईल अशी एकही सोय त्या धंद्यात का नव्हती? सोसणाऱ्या कलावंताचा जयजयकार करताना त्याला सोसायला लावणारी व्यवस्था आम्ही मोकळी सोडतो.

उघडं पडणं म्हणजे स्वतःची जखम जशीच्या तशी लोकांपुढं टाकणं, हाही गैरसमज अलीकडं वाढलाय. शहरातून एखादी कार्यशाळा करून आलेला हौशी दिग्दर्शक मुलाला म्हणतो, तुझ्या घरातलं आठव, रड. बीडसारख्या जिल्ह्यात हे फार धोक्याचं आहे. इथं एखाद्या मुलाच्या घरात बापानं खरोखर फास घेतलेला असू शकतो. त्याला रंगमंचावर ढकलून तो प्रसंग उपसायला लावणं ही क्रूरता आहे. शिवाय ते कलेच्या दृष्टीनंही चुकीचं आहे. एकदा येणारं रडू दुसऱ्या प्रयोगाला येत नाही. भावनिक स्मृतीचा गाजावाजा ज्याच्या नावानं होतो त्या स्तानिस्लाव्स्कीनंही उत्तरायुष्यात भर दिला तो शारीरिक क्रियांवर: पात्र काय करतंय ते खरं करा, भाव मागून येईल. आपल्या नाट्यशास्त्रानं तर आंगिक, वाचिक, आहार्य यांच्या जोडीला सात्त्विक अभिनय वेगळा मानला. स्तंभ, घाम, रोमांच, स्वरभंग, कंप, रंग उडणं, अश्रू, मूर्च्छा. ही आठही लक्षणं हुकमानं उपटून आणता येत नाहीत. मन एकाग्र असेल तरच ती उमटतात, असं भरताचं म्हणणं. म्हणजे नटानं शिकायचं ते मनाचं दार लावून न घेणं, आणि त्याच वेळी पायाखालची जागा, समोरचा सहनट, पुढचं वाक्य याचं भान न सोडणं. मांडवातला भारूडकरी टाळकऱ्यांशी बोलत बोलत हेच करतो.

बोलीबद्दलही बोलायला हवं. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’नं मराठवाड्याची बोली जगभर नेली. बावन्न पात्रं एकट्यानं उभी करणारा तो अफाट नट होता आणि त्यांच्यानंतर माजलगावच्या संदीप पाठकांनी ते निष्ठेनं पेललं. मकरंद अनासपुरे यांनी हाच हेल घेऊन मराठी चित्रपट गाजवले. पण या यशाची एक सावली पडली. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला आमचा हेल ऐकला की हसायची सवय लागली, आणि आमच्या मुलांनाही आपल्या बोलीत दुःख सांगायचा संकोच वाटू लागला. गंभीर प्रसंग आला की ती प्रमाण मराठीत शिरतात आणि तिथंच खोटी पडतात. हा फास सोडवला जालना जिल्ह्यातल्या शेतकरी पोरांनी. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं, संभाजी भगत यांच्या कल्पनेतलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012मध्ये आलं आणि तीच बोली हसवत हसवत प्रश्न विचारू लागली. पुढच्याच वर्षीच्या ‘फँड्री’तला किशोर कदम यांचा कचरू बोलतो फार थोडं. गावासमोर डुकरामागं धावणाऱ्या त्या बापाचं वाकलेलं शरीर मी अनेक नटांना पुन्हा पुन्हा पाहायला सांगतो.

बायकांचा हिशोब मात्र निराळा आहे. साडी नेसून लाज ओलांडणाऱ्या पुरुषाचं धैर्य म्हणून कौतुक होतं. तीच लाज बाईनं ओलांडली की तिच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. 1972च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये चंपा करताना लालन सारंग यांनी मुंबईसारख्या शहरात हे सोसलं. तालुक्याच्या गावातल्या मुलीचं तर विचारूच नका. तालमीतला एक तुकडा कुणी मोबाइलवर टिपून गावभर फिरवला की तिचं नाटक संपतं, कधी कधी शिक्षणही. त्यामुळं ती रंगमंचावर आली तरी खांदे आवळून, पदर सांभाळून उभी राहते आणि आम्ही परीक्षक लिहितो, ‘मोकळेपणा कमी’. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडींनी भारुडाच्या पुरुषी आखाड्यात स्वतःची जागा केली, पण असं उदाहरण बोटावर मोजण्याइतकं. तालमीत मोबाइल बाहेर ठेवणं, मुलीला सुखरूप घरी पोचवणं, नकोशा प्रसंगाला नाही म्हणायची मुभा देणं, या गोष्टी अभिनयशिक्षणाचाच भाग मानायला हव्यात. भरवसा नसेल तिथं कुणी उघडं होत नाही, आणि होऊही नये.

राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून. नेमकं तेव्हा शिरूर तालुक्यातलं अर्धं गाव कोयता घेऊन उसाच्या फडात कोपी टाकून असतं. दसऱ्यानंतर गेलेली जोडपी आणि त्यांच्यामागं गेलेली पोरं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कुणाला इथं नट घडवायचे असतील तर शिबिर वैशाखात, जत्रांच्या दिवसांत भरवावं. पहिला आठवडा गावातल्या भारूडकऱ्याच्या हाती द्यावा, त्याला मानधन द्यावं, आणि विद्यापीठातल्या नाट्यशास्त्राच्या अध्यापकांनी त्याच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावं. संहिता मुलांच्या बोलीतच लिहिली जावी. मुलींची संख्या निम्मी होईपर्यंत पहिली तालीम सुरू करू नये.