उंबरठ्याच्या आतली शस्त्रे : ग्रीक शोकांतिकेतील तीन स्त्रिया

ग्रीक शोकांतिकेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते इडिपसचे. पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस'मुळे तो मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. या नाटकांतल्या स्त्रियांविषयी बोलायचे झाले की क्लायटेम्नेस्ट्रा, अँटिगनी आणि मेडिया ही तीन नावे एका दमात घेतली जातात आणि तिघींनाही 'बंडखोर' हे एकच विशेषण बहाल केले जाते. एकीने नवऱ्याचा खून केला, दुसरीने राजाज्ञा मोडली, तिसरीने नवऱ्यावर सूड उगवताना पोटची मुले मारली. विशेषण सोयीचे आहे. पण त्यामुळे खरा प्रश्न बाजूला पडतो. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समधल्या पुरुषांना अशा स्त्रिया रंगवाव्याशा का वाटल्या?

ही नाटके पुरुषांनी लिहिली, पुरुषांनीच मुखवटे चढवून केली आणि डायोनिससच्या उत्सवात मुख्यतः पुरुषांपुढे झाली. कायद्याच्या दृष्टीने अथेन्समधली स्त्री जन्मभर अज्ञानच असे. बाप, नवरा, भाऊ किंवा मुलगा यांपैकी कोणीतरी तिचा पालक, ग्रीक भाषेत 'किरिऑस', असायचा. एक मेडिम्नस, म्हणजे सुमारे ५० लिटर मापाच्या जवापेक्षा अधिक किमतीचा व्यवहार तिला स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. सभेत तिला मत नव्हते. युद्धात पडलेल्यांना श्रद्धांजली वाहताना पेरिक्लीज विधवांना सांगतो की, पुरुषांच्या तोंडी जिचे नाव बरे वा वाईट कारणाने कमीत कमी येईल, तिची कीर्ती मोठी. थ्युसिडिडीजने हे भाषण नोंदवले आहे. आणि तरीही आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेल्या ३२ शोकांतिकांपैकी फक्त एकाच नाटकात स्त्रीपात्र नाही. त्या नाटकाकडे शेवटी येऊ.

ही नाटके अनुवादांतून पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळक होत जाते. अथेन्सने स्त्रीकडे तीन कामे निर्विवादपणे सोपवली होती : घर राखणे आणि त्यासाठी वस्त्रे विणणे, मृताचे अंतिम संस्कार करणे, आणि कुळाला संतती देणे. या तिन्ही नायिका आपल्या वाट्याचे हेच काम शेवटच्या टोकापर्यंत नेतात, आणि तेवढ्याने राजवाडा, राज्य आणि वंश कोसळतात.

क्लायटेम्नेस्ट्रा : वस्त्र आणि स्नानगृह

इस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी इ. स. पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आली. तिच्या पहिल्या भागात ॲगमेम्नॉन ट्रॉय जिंकून दहा वर्षांनी घरी परततो. पहिल्याच भाषणात पहारेकरी राणीच्या पुरुषी धोरणीपणाचा उल्लेख करतो आणि बहुतेक समीक्षक तो शब्द उचलून धरतात. पण ती प्रत्यक्षात काय करते, ते पाहू. नवऱ्याला ती निरोप धाडते की, घराची राखण करणारी तुझी कुत्री दारात इमानाने बसली आहे. तो आल्यावर ती जांभळ्या रंगाची मौल्यवान वस्त्रे त्याच्या पायांखाली अंथरायला लावते. तो कचरतो, तेव्हा ती घरच्या साठ्याचा हवाला देते : समुद्रात रंग भरपूर आहे, घरात वस्त्रांची वाण नाही. जमाखर्च सांभाळणाऱ्या गृहिणीचे हे बोलणे आहे आणि त्याच बोलण्याने ती त्याला मृत्यूच्या दारातून आत नेते.

होमरच्या 'ओडिसी'त ॲगमेम्नॉन मेजवानीच्या पंक्तीत मारला जातो आणि कटाचा सूत्रधार असतो एजिस्थस. इस्किलसच्या नाटकात तो स्नानाच्या वेळी मरतो. दुरून आलेल्या वीराला न्हाऊमाखू घालणे आणि अंगावर स्वच्छ वस्त्र चढवणे हे होमरच्या काव्यांत घरच्या स्त्रियांचे काम आहे. क्लायटेम्नेस्ट्रा ते करते. फक्त तिने दिलेल्या वस्त्रातून बाहेर पडायला वाट नसते. त्यात जाळ्यातल्या माशासारख्या अडकलेल्या नवऱ्यावर ती तीन घाव घालते. ट्रॉयकडे जहाजे निघावीत म्हणून त्याने लेक इफिजेनिया बळी दिली होती. घर राखणारी बाई घराचे येणे वसूल करते आहे.

त्रयीच्या शेवटी मातृहत्येबद्दल ऑरेस्टेसवर खटला चालतो. अपोलोचा युक्तिवाद असा की, आई ही जन्मदात्री नव्हेच, ती पुरुषाचे बीज जपणारी केवळ दाई आहे. बीज आणि क्षेत्र यांची अशीच वाटणी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाचलेल्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. मते समसमान पडतात आणि आईविना जन्मलेली अथीना त्याच्या बाजूने कौल देते. क्लायटेम्नेस्ट्राचे बळ मोडण्यासाठी नगराला तिच्या नावावरचे जन्म देण्याचे कामच खोडावे लागते, ही या निकालातली सर्वांत बोलकी बाब आहे.

अँटिगनी : मूठभर माती

सोफोक्लीजची 'अँटिगनी' (सुमारे इ. स. पू. ४४१) विसाव्या शतकाने प्रतिकाराचे प्रतीक केली. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४४ साली झाँ अनुईचे 'अँटिगनी' रंगले. रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी हे नाटक केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी राजा क्रिऑनची भूमिका केली होती. हा वारसा मोठाच आहे. पण मूळ अँटिगनी काही लोकशाहीसाठी लढत नाही.

क्रिऑनचा हुकूम अथेन्सच्या प्रेक्षकाला पूर्णपणे अपरिचित नव्हता. देशद्रोह्याला ॲटिकाच्या भूमीत पुरू नये, असा कायदा तिथेही होता. पण प्रेताला स्नान घालणे, तेल लावणे, वस्त्र नेसवणे आणि विलाप करणे हे घरच्या स्त्रियांचे कर्तव्य होते. या विलापाचा धसका राज्यानेही घेतला होता. सोलनच्या नावावर असलेल्या कायद्याने स्त्रियांचा आक्रोश आवरता घेतला. साठीच्या आतल्या बायकांपैकी जवळच्या नात्यातल्यांनाच अंत्ययात्रेत मुभा दिली आणि त्यांनी पुरुषांच्या मागून चालावे असे ठरवले. आपल्या आईवडिलांची आणि भावाची प्रेते आपण स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातल्याचे अँटिगनी सांगते. पॉलिनायसिसवर ती मूठभर कोरडी माती टाकते, तीनदा तर्पण करते आणि पिल्ले नाहीशी झालेल्या पक्षिणीसारखी आक्रंदते. नेहमीचे काम ती नेहमीसारखे करते, पण या वेळी त्याची शिक्षा मृत्यू असते.

मरणाला सामोरी जाताना ती म्हणते की, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केले नसते, कारण ते पुन्हा मिळू शकतात, आईबाप गेल्यावर भाऊ मिळत नाही. हा हिशेब गटेला इतका खटकला की, हा भाग प्रक्षिप्त असल्याचे एखाद्या विद्वानाने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये एकरमनजवळ बोलून दाखवली. पण हेरोडोटसच्या इतिहासात इंटाफर्नीसची बायकोही दारयवहू राजापुढे नेमका हाच हिशेब मांडते आणि नवऱ्याऐवजी भावाचा जीव मागते. गटेला हवी होती ती सर्व मानवजातीसाठी बोलणारी नायिका. सोफोक्लीजची नायिका कुळाच्या चौकटीत बोलते, आणि तिचे बळ तिथूनच येते. तत्त्वाशी वाद घालता येतो. मेलेल्या भावाचे काय करायचे, यावर क्रिऑनकडे उत्तर नसते.

मेडिया : संतती

युरिपिडीजची 'मेडिया' इ. स. पू. ४३१ मध्ये झाली आणि स्पर्धेत तिसरी, म्हणजे शेवटची आली. त्याच वर्षी पेलोपोनेशियन युद्धाला तोंड फुटले. त्याआधी वीस वर्षे अथेन्सने पेरिक्लीजचा कायदा स्वीकारला होता : आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. नाटक घडते कॉरिंथमध्ये, पण काळ्या समुद्राकाठून आलेल्या परदेशी बायकोला टाकून राजकन्येशी लग्न करणारा जेसन प्रेक्षकांना ओळखीचाच वाटला असेल.

कॉरिंथच्या बायकांपुढे मेडिया सांगते की, बाईला भारी हुंडा मोजून नवरा विकत घ्यावा लागतो आणि तोच तिच्या देहाचा धनी होतो. एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभे राहणे पत्करले, असेही ती म्हणते. मग अथेन्सचा निपुत्रिक राजा एजियस येतो. हा प्रवेश ओढूनताणून आणल्याचा आक्षेप जुना आहे. माझ्या मते नाटकाची कळ याच प्रवेशात आहे. मूल नसलेला पुरुष, तो राजा असला तरी, किती रिता असतो हे मेडिया इथे पाहते, आणि मुले मारण्याचा बेत ती उघड करते तो एजियस गेल्यानंतरच.

पुढे ती तिन्ही कामे हातात घेते. क्लायटेम्नेस्ट्राप्रमाणे वस्त्र वापरते : तिने भेट पाठवलेले विषारी वस्त्र नववधूला जाळते. संतती देणारी तीच ती परत घेते. आणि सूर्याने दिलेल्या रथातून निघताना मुलांची प्रेतेही बरोबर नेते. त्यांना आपण स्वतः हीराच्या पवित्र स्थानी पुरू, असे बजावून ती जेसनला शेवटचा स्पर्शही नाकारते. अँटिगनी ज्या हक्कासाठी मेली, तो मेडिया शस्त्रासारखा वापरते.

पुरुषी की बायकी?

स्त्रीपात्राला पुरुषी शौर्य किंवा चातुर्य शोभत नाही, असे ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त लिहिले. बर्नार्ड नॉक्ससारख्या आधुनिक अभ्यासकाने मेडियाची भाषा सोफोक्लीजच्या वीरनायकांची आहे, हे साधार दाखवले. शत्रू हसतील ही तिची भीती एजॅक्सचीच आहे. भाषेपुरते हे मान्य. पण क्लायटेम्नेस्ट्राचे घाव सोडले, तर या तिघींची साधने पाहा : वस्त्र, स्नान, माती, तर्पण, मुले. शब्द रणांगणावरचे असले तरी साधने घरातली आहेत.

म्हणून या नाटकांना स्त्रीमुक्तीची पहाट म्हणणे मला पटत नाही, आणि निव्वळ स्त्रीद्वेष म्हणणेही पटत नाही. ज्यांच्यावाचून आपला दिवस उगवत नाही, वंश चालत नाही आणि मेल्यावर सद्गती मिळत नाही, त्यांनाच आपण सर्व व्यवहारातून वगळले आहे, याची अथेन्सच्या पुरुषांना जाणीव होती. तिच्या पोटातली भीती त्यांनी उत्सवात, भर दिवसा, एकमेकांना दाखवली. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्या कायद्यात नव्हता, नाटकात होता.

आता ते उरलेले नाटक. ज्यात एकही स्त्री नाही, ते सोफोक्लीजचे 'फिलोक्टेटीज'. निर्जन लेम्नॉस बेटावर सोबत्यांनी टाकून दिलेला योद्धा, साप चावून चिघळलेला पाय आणि एक गुहा. तिथे चूल आहे, पण घर नाही. दहा वर्षे ती जखम धुवायला कोणी नाही आणि मेलाच तर पुरायलाही कोणी नाही. तिन्ही कामे करणारे हात वजा केले की काय उरते, हे सोफोक्लीजने त्या गुहेत दाखवून ठेवले आहे.