तांदळ्याखाली चिठ्ठी काय लावणार?

शनिवारी घोडेगावच्या फाट्यावर गाडीचा वेग कमी झाला की लटकू, म्हणजे पूजेचं ताट विकणारे दलाल, धावत येतात. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, घोड्याची नाल, असं ताट खिडकीतून आत सरकतं. त्यांना चुकवत शिंगणापूरच्या चौथऱ्यापाशी पोचलं की समोर उघड्यावर एक काळी शिळा उभी असते, माणसाच्या उंचीची. तिला छप्पर नाही, कळस नाही, नाक-डोळेही नाहीत. शिल्पशास्त्रातल्या शनीला वाहन असतं, हातात आयुधं असतात. इथल्या शनीने त्यातलं काहीच मनावर घेतलेलं नाही. अशा न घडवलेल्या देवाला आपण तांदळा म्हणतो. हाच तांदळा संग्रहालयात ठेवायचा झाला तर खाली चिठ्ठी काय लावणार? ‘पाषाण, काळ अज्ञात’?

मुंबई-पुण्याची प्रदर्शनं पाहताना हा प्रश्न मला हटकून आठवतो. बघणाऱ्यांची एवढी मोठी गर्दी ज्या गावाकडे आपणहून येते, तिथे आपल्या संग्रहालयांना काही म्हणायचं आहे की नाही?

प्रदर्शनांपुरतं बोलायचं तर गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईने मोठी मजल मारली आहे. 1922मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय माझ्या पिढीने बराच काळ धूळ खात पडलेल्या कपाटांचं घर म्हणूनच पाहिलं. तिथे 2013मध्ये सायरसचा मातीचा दंडगोल आला. 2017मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासोबत ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ भरलं. 2023च्या डिसेंबरात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोम इथली प्राचीन शिल्पं एका दालनात आली. पाहुण्या वस्तू आणून त्यांना नुसतं मिरवायचं, ही आपली जुनी खोड. यातल्या शेवटच्या दोन मोठ्या प्रदर्शनांत पाहुण्यांना आपल्या गोष्टीत बसवलं होतं, आणि म्हणून मला ती थोर वाटतात.

भाषेचं मात्र अजून जमलेलं नाही. कितीतरी संग्रहालयांत इंग्रजी चिठ्ठी बोलते आणि मराठी चिठ्ठी परीक्षेचा पेपर लिहिते. ‘प्रस्तुत शिल्प समभंग स्थानक अवस्थेत असून’ एवढं वाचून झालं की माणूस पुढच्या काचेकडे सरकतो. देव सरळ उभा आहे, कुठेही कललेला नाही, असं लिहिलं तर कोणाची विद्वत्ता कमी होते?

लोकांसाठीच्या उपक्रमांचीही अशीच तऱ्हा. सुट्टीत मुलांना बोलवायचं, मातीचा गणपती करायला लावायचा, वारली काढून घ्यायची. संग्रह नाण्यांचा असो की हत्यारांचा, वारली ठरलेलीच. त्यामानाने 2015मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने सुरू केलेली फिरती बस, म्हणजे चाकांवरचं संग्रहालय, हा खरा विचार करून केलेला उपक्रम आहे. ज्या शाळांची सहल मुंबईपर्यंत कधीच पोचणार नाही, तिथे ती जाते. माझी तक्रार तिच्या दिशेबद्दल आहे. बस मुंबईहून गावाकडे येते, आणि वस्तू गावाहून मुंबई-दिल्लीकडे जातात.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण नगर जिल्ह्यातलंच. प्रवरेच्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. 1974मध्ये छबू लक्ष्मण भिल हा माणूस तिथे झुडपाच्या बुंध्याशी खणत होता. त्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैलांची गाडी. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांचा काळ कोणता, यावर पुरातत्त्ववाले अजून भांडतात. गाडी मात्र बघून घ्यावी. जू आहे, गाडीवान उभा आहे, आणि त्याच्या पुढ्यात दांडीवर एक कुत्रं उभं आहे. कलाकाराने ते कुत्रं कशासाठी घातलं असेल, याचा विचार करण्यात माझा एक अख्खा तास गेला होता. तो तास गेला दिल्लीत, कारण गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्रवरेकाठच्या किती पोरांनी ती पाहिली असेल?

चित्रांचंही तेच. निजामशाहीने नगरला स्वतःची चित्रशैली दिली. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही 1565च्या सुमाराची सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या काही चित्रांत राजाशेजारी बसलेली राणी नंतर कोणीतरी पुसून टाकली आहे. निजामशाही राजाचं एक देखणं चित्र पॅरिसला, तर मलिक अंबरचं बॉस्टनला. ती परत मागा, असं मी म्हणत नाही. पुण्याच्या मंडळाने ती पोथी जपली म्हणून तर ती आहे. पण चांगल्या छापील प्रतींचं एक प्रदर्शन नगरला, मराठीत, त्या पुसलेल्या राणीची गोष्ट सांगत भरवायला फार पैसे लागत नाहीत.

नगरला 1960पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. कागदपत्रं, नाणी, शस्त्रं असा संग्रह चिकाटीने जमवलेला आहे. पण नगरमध्ये ‘म्युझियम कुठे’ म्हणून विचारलं तर रिक्षावाला आधी रणगाड्यांकडे नेतो. लष्कराचं ते संग्रहालय 1994चं. रणगाडा बघायला चिठ्ठी लागत नाही, हा त्याचा फायदा. प्रमोद कांबळे यांनी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिंतीवर पेन्सिलने काढलेले शेकडो भारतीयांचे चेहरेही याच शहरातले. शहरात बघायला पुष्कळ आहे, पण या सगळ्याला जोडणारा धागा कोणी ओवलेला नाही.

इथे मला सातारा जिल्ह्यातल्या औंधची आठवण होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938मध्ये आपला संग्रह लोकांसाठी उघडला, तोही राजवाड्यात नाही, तर यमाईच्या डोंगरावर, दर्शनाच्या वाटेवर. राजा स्वतः चित्रकार. त्याच्या संग्रहात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही आहे. डोंगर चढून आलेली बाई देवीला नारळ फोडते आणि उतरताना सहज आत डोकावते. मूर कोण हे तिला ठाऊक नसेल, पण दगडातली आई आणि तिचं मूल तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही. संग्रहालयाचा लोकोपक्रम म्हणून मला आजही याहून मोठं उदाहरण सुचत नाही. यात उपक्रम असा काही नाहीच. जागा बरोबर निवडली, एवढंच. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचंही नशीब असंच: राणीच्या बागेतले वाघ बघायला आलेली कुटुंबं आत शिरतात आणि मातीच्या बाहुल्यांतली जुनी मुंबई बघतात. 2008मध्ये जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा उघडलं. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या कलावंतांनी तिथल्या जुन्या कपाटांच्या शेजारी आपलं काम मांडलं, आणि तेही याच कुटुंबांनी पाहिलं.

कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदार, बैल, विहिरी, सगळं सिमेंटचं. कलासमीक्षक नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं. जुनी अस्सल वस्तू शोधावी लागते, आणि चेहऱ्यांत एकाच साच्याचा गोडवा आहे. पण तिथे मी एका आजोबांना सिमेंटच्या मोटेसमोर उभं राहून नातवाला नाडा कुठून कसा ओढायचा ते हातवारे करून सांगताना पाहिलं. मोठ्या संग्रहालयात बोलावलेल्या तज्ज्ञाभोवतीही एवढं कान देऊन ऐकणारं कोणी नव्हतं.

शिंगणापुरात मला नवं भवन नको आहे. घरांना दारं न लावणाऱ्या गावात 2011मध्ये बँकेलाही कुलूप नसलेली शाखा काढावी लागली, तिथे काचेची कपाटं जरा विनोदीच दिसतील. चौथऱ्यावर बाईने चढायचं की नाही, यावरून 2016मध्ये देशभर वाद झाला आणि अखेर ती चढली. ते छायाचित्रांतून मांडायला गाड्या उभ्या राहतात ती जागा पुरे. नेवासे तालुक्यातच टोक्याला प्रवरा-गोदावरीच्या संगमावर सिद्धेश्वराचं कोरीव देऊळ आहे. तो घडवलेला दगड आणि हा न घडवलेला, दोघांची चित्रं शेजारी शेजारी लावता येतील. दर्शन घेऊन परतणारा माणूस गाडीची वाट बघत तिथे तसाही अर्धा तास उभा असतो.

मागच्या वेळी त्याच अर्ध्या तासात मी खेळण्यांच्या एका टपरीवर रेंगाळलो. लाकडी बैलगाड्या मांडल्या होत्या. दोन बैल, जू, मागे उभा गाडीवान. उचलून नीट पाहिली, उलटीही करून पाहिली. कुत्रं नव्हतं.